उरलेलं काम

1794 चा सुमार. लंडनमध्ये डॉक्टर थॉमस मन्रो यांच्या घरी संध्याकाळी सहाला दोन तरुण कामावर हजर होत. एक थॉमस गर्टिन, दुसरा न्हाव्याचा मुलगा विल्यम टर्नर. दोघांचा जन्म 1775 चा. जॉन रॉबर्ट कझन्स या चित्रकाराने काढलेल्या आल्प्स आणि इटलीच्या दृश्यांच्या नकला करायच्या, हे काम. गर्टिनने रेषा काढायच्या, टर्नरने त्यांत रंग भरायचा. रात्री दहापर्यंत बसल्यावर टर्नरच्या हातावर साडेतीन शिलिंग पडत.

खरं तर टर्नरला राग यायला हरकत नव्हती. चौदाव्या वर्षी तो रॉयल अकादमीच्या शाळेत दाखल झाला होता. थॉमस मॉल्टन यांच्याकडे इमारतींचं चित्रण शिकला होता. कमानी, खांब, खिडक्या बिनचूक काढण्यात त्याचा हात बसलेला. आणि इथे त्याची रेषाच नको होती!

उरलं काय, तर निळ्या-करड्या रंगाचं पातळ पाणी. पण त्याने त्यातच जीव ओतला. रंगात पाणी वाढवलं की डोंगर मागे सरतो, कमी केलं की अंगावर येतो. उजेड हवा तिथे कागद कोरा सोडायचा. आल्प्स त्याने अजून पाहिलेही नव्हते, पण तिथली हवा हाताखालून जात होती.

1796 मध्ये अकादमीच्या प्रदर्शनात त्याचं पहिलं तैलचित्र लागलं. विषय रात्रीच्या समुद्रावरचे कोळी. लाटा अजून रेखीव होत्या. पण होडीतला कंदिलाचा तांबूस उजेड, वरचं गार चांदणं आणि अंधारात विरत गेलेले खडक पाहता, इमारती काढणारा हा मुलगा आता हवा रंगवू लागला होता.

पुढे ही हवा इतकी दाटली, की 1842 मध्ये त्याच्या बर्फाच्या वादळातल्या आगबोटीला टीकाकारांनी साबणाचा फेस म्हणून हिणवलं. या माणसाला रेषा जमत नाही, असं मात्र कोणाला म्हणता आलं नसतं: अकादमीत यथार्थदर्शनाचा प्राध्यापक म्हणून तो 1807 ते 1837 अशी तीस वर्षं नेमलेला होता.

तात्पर्य: मनासारखं काम मिळेपर्यंत जो हात राखून ठेवतो, त्याचा हात आहे तिथेच राहतो. वाट्याला आलेलं अर्धं काम जो पुऱ्या मनाने करतो, त्याला त्याच कामात स्वतःची वाट सापडते.