मातीचा दर, मुरमाचा दर

माझी आजी बहात्तरच्या दुष्काळाबद्दल फारसं बोलत नसे. बोललीच तर एवढंच सांगायची: खडी फोडताना हातोडी बोटावर बसायची, म्हणून डाव्या हाताच्या बोटांना ती लुगड्याच्या चिंध्या गुंडाळायची. संध्याकाळी मिलोची तांबडी भाकरी खायला बसताना त्या सोडल्या की सोबत कातडी यायची. 1973च्या उन्हाळ्यात तिच्यासारखे सुमारे 50 लाख मजूर राज्यभर अशा कामांवर होते. ‘दुष्काळी काम’ हा तिचा शब्द. ‘रोजगार हमी’ तिच्या तोंडी कधी बसलं नाही. या दोन शब्दांमधलं अंतर कापायला शंभर वर्षं लागली, असं मला वाटतं.

1877च्या दुष्काळात ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी सरकारी कामावरची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे सुटे पैसे इतकी खाली आणली. मजुरी पोटभर दिली तर गरज नसलेलेही रांगेत येतील, हा त्यामागचा हिशेब. मुंबई इलाख्यातल्या उपाशी माणसांनी त्या मजुरीवर राबायचं नाकारलं, कामं सोडली. पुणे सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली. मजुरीच्या दरावरून सरकारशी झालेलं हे भांडण आपण विसरलो, याचं मला वाईट वाटतं. सरकारचा तो हिशेब मात्र टिकून राहिला.

तो उलटा विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडला. दुष्काळ नसला तरी शेतमजुराचे हात वर्षातले कित्येक महिने रिकामे असतात. पोट बाराही महिने असतं. मग काम मागेल त्याला काम का नसावं? 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी हा प्रयोग सुरू केला. बहात्तरनं त्याची निकड सगळ्यांना दाखवली. 1975 पासून व्यवसाय कर बसला. पगारपत्रकावर दरमहा 200 रुपयांची ती ओळ आजही असते. ती या कामांच्या पैशासाठी आली, हे शहरात फार थोड्यांना ठाऊक आहे. 1977चा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 रोजी लागू झाला: काम मागितल्यापासून 15 दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. ‘सरकार देतं’ याचं ‘सरकार देणं लागतं’ झालं.

याचा खरा परिणाम पाझर तलावावर जेवढा दिसतो, तेवढाच शेताच्या बांधावर दिसतो. गावात नालाबंडिंगचं काम निघालं की बागायतदाराकडे खुरपायला जाणारी बाई रोज ठरवायला बसते. तोवर तो सांगेल तो रोज असायचा. काम बंद ठेवा म्हणून सुगीच्या दिवसांत तहसीलदाराकडे चकरा मारणारे शेतकरी मी पाहिलेत. कोरडवाहू शेतकऱ्याची अडचण खोटी नसते. त्याच्या मालाला भाव नसतो. पण त्याची भरपाई त्या बाईच्या रोजातून व्हावी, हे मला पटत नाही. तिच्या हातात आलेले चार पैसे त्याच आठवड्याच्या बाजारात तेला-मिठाला खर्च होतात. गावातच काम मिळालं तर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जाणंही एखाद्या घराला टाळता येतं.

मग 1988 आलं. किमान वेतन दुप्पट झालं, हमीच्या मजुरीचा दर वाढला, आणि कामांवरची हजेरी घटली. मागणी आटली नव्हती. कामंच कमी काढली गेली. हमीचे दोन हात आहेत, दिवस आणि दर. एक सोडला की दुसरा निसटतो, हे तेव्हा कळायला हवं होतं. 2005च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यानं 100 दिवस दिले, पण दर किमान वेतनापासून वेगळा ठरवण्याची मुभा केंद्रानं स्वतःकडे ठेवली. 2025-26 साठी महाराष्ट्रात तो 312 रुपये होता.

तेवढाही पूर्ण हाती पडतोच असं नाही, कारण काम मापावर असतं. माणदेशातल्या एका कामावर मी हे पाहिलं. खड्ड्याच्या मध्यभागी मूळ जमिनीचा उंचवटा तसाच ठेवलेला, खोली त्यावरून मोजायची. तांत्रिक सहायकानं टेप लावला, वहीत ‘माती’ लिहिलं. साठीकडे झुकलेली एक बाई पुढं आली.

“सायेब, ही माती न्हाई, मुरूम हाय. मुरमाचा दर लावा.”

तो थांबला. तिच्या हातातली पहार घेऊन त्यानं स्वतः दोन घाव घातले. दुसऱ्या घावाला पहार उसळली. त्यानं वहीतला शब्द खोडला.