मुलांना किती खरे सांगावे?

मुलांसाठी चरित्र लिहायला बसणाऱ्याला थोड्या पानांत अख्खे आयुष्य बसवायचे असते, म्हणून पुष्कळ काही गाळावेच लागते. पण गाळणे म्हणजे खोटे बोलणे का? गीतेचा सतरावा अध्याय वाणीचे तप सांगतो. बोलणे सत्य हवे, प्रिय हवे, हिताचे हवे आणि त्याने कुणाला उद्वेगही होता कामा नये. या साऱ्या अटी एकाच वाक्यात पाळणे किती कठीण, हे सेलिया क्रूझ या क्यूबन गायिकेच्या चित्रचरित्रावरून कळते. मोनिका ब्राउन यांनी लिहिलेले आणि राफाएल लोपेझ यांनी चितारलेले हे इंग्रजी-स्पॅनिश पुस्तक तिच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच वर्षी, २००४ मध्ये निघाले.

हवानातले बालपण, १९५० पासून सोनोरा मातान्सेरा या वाद्यवृंदात गायलेली गाणी, पुढे अमेरिकेत साल्सा संगीताची सम्राज्ञी म्हणून झालेले नाव, इतके चित्रांत सहज मावते. पण क्यूबातल्या क्रांतीनंतर १९६० साली ती वाद्यवृंदाबरोबर मेक्सिकोला गेली आणि हवानातले घर कायमचे सुटले. १९६२ मध्ये आई वारली, तेव्हा त्या क्रांतीने सत्तेवर आलेल्या कास्त्रो सरकारने तिला अंत्यविधीलाही येऊ दिले नाही. पाच वर्षांच्या मुलाला हे सारे सांगितलेच पाहिजे असे नाही. ‘तिला पुन्हा घरी जाता आले नाही’ एवढे वाक्य पुरते. मात्र ‘मोठी गायिका होण्यासाठी तिने देश सोडला’ असे लिहिले, तर गाळलेल्या जागी खोटे कारण भरल्यासारखे होईल. मूल मोठेपणी सविस्तर चरित्र वाचील, तेव्हा आधीच्या पुस्तकात भर पडली तर ते खरे होते. ते खोडावे लागले तर लेखकाने फसवले. क्यूबात राहिलेल्या अनेकांना क्रांती वेगळी दिसली, मग मुलांना एकच बाजू का सांगावी, असे कुणी विचारील. पण तिला परतू दिले नाही ही घडलेली गोष्ट आहे, आणि ती सांगायला क्रांतीचा न्यायनिवाडा करावा लागत नाही.

याहून अवघड आक्षेप निवेदनाबद्दल आहे. पुस्तकात सेलिया स्वतः ‘मी’ म्हणून बोलते, आणि ती वाक्ये तर दुसऱ्याने लिहिलेली. तरीही याला फसवणूक म्हणता येणार नाही. लेखिकेचे नाव मुखपृष्ठावर छापलेले असते, आणि दुसऱ्याचा ‘मी’ घेऊन बोलण्याचा खेळ मुले रोजच खेळतात. मात्र या सवलतीमुळे लेखकावरचे बंधन सैल होत नाही, उलट घट्ट होते. ‘तिला दुःख झाले असेल’ हा अंदाज ठरतो. ‘मला दुःख झाले’ ही साक्ष ठरते. जी भावना तिच्या आयुष्यातून सिद्ध होत नाही, ती तिच्या तोंडी घालता येणार नाही. गेलेल्या माणसाला आक्षेप घेता येत नाही आणि मुलाला पडताळा पाहता येत नाही, म्हणून दोघांच्याही वतीने शंका घेण्याचे काम लिहिणाऱ्यालाच करावे लागते.