नवेपणाची परीक्षा

लुगड्याची घडी मोडली म्हणजे तें जुनें होतें काय? एका दिवसाच्या नेसण्यानें त्याचें सूत झिजत नाहीं, कीं रंग उतरत नाहीं. तरी घडी मोडलेलें लुगडें नवें म्हणून कोणी आहेरांत दिलें, आणि तें मागाहून उघडकीस आलें, तर घेणारीच्या मनाला तें कायमचें लागून राहतें. अन्न उष्टें झाल्यानें त्यांतील पोषण रतिभरहि कमी होत नाहीं. कमी होतें तें दुसरेंच कांहीं. तें दुसरें काय, हा प्रश्न आम्हांस येथें एका अगदीं निराळ्या वस्तूच्या निमित्तानें विचारावयाचा आहे. ती वस्तु म्हणजे छर्‍यांची दुनळी बंदूक, नुकतीच 'नवी' म्हणून विकत घेतलेली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें व त्यापुढील दुरुस्त्यांनीं शिकारीचा शौक आपल्याकडे कायद्याबाहेर गेला. तरी शेत राखण्यासाठीं परवाना काढलेले कोंकणांतील शेतकरी आणि उडत्या तबकड्यांवर नेम धरणारे खेळाडू यांच्या घरीं ही बंदूक अजून येते. ती घरीं आली म्हणजे जाणता मनुष्य पाकिटांतील पावती बाजूस ठेवून प्रथम तिची परीक्षा करतो. बैलबाजारांत दांत पाहणार्‍याची जी चिकाटी, तीच येथें दिसते. बिजागरीवर नळ्या खालीं वाकवून आंत काडतूस नाहीं अशी तो खात्री करून घेतो, मग नळ्या सुट्या करून उजेडाकडे धरतो. न वापरलेल्या नळीचें अंतरंग आरशासारखें दिसतें. वापरलेल्या नळींत दारूची काजळी आणि छर्‍यांच्या शिशाच्या करड्या रेघा राहून जातात, विशेषतः काडतुसाची जागा संपून नळी निमुळती होऊं लागते तेथें. नंतर काडतुसाच्या बुडाशीं टेकणारी पोलादी भिंत पाहावयाची. सुई जेथून बाहेर येते त्या छिद्राभोंवतीं काडतुसाच्या टोपीचें फिकट वर्तुळ उमटलें आहे काय? बंदूक उघडण्याची वरची कळ कोठें येऊन थांबते? नव्या बंदुकीची कळ मिटल्यावर मध्यरेषेच्या किंचित् उजवीकडे राहते, आणि सांधा झिजत जाईल तशी डावीकडे सरकते. स्क्रूंच्या खांचा कोणा अडाण्याच्या हातून उचकटल्या आहेत काय, नळीच्या तोंडाशीं निळी झांक उडाली आहे काय, दस्त्याच्या मुठीवरील जाळीदार खांचकाम तळहाताच्या घामानें बोथट झालें आहे काय, हें सर्व तो पाहतो. शेवटीं नाक लावून वासहि घेतो. अति ताज्या तेलाचा वास त्याला विशेष आवडत नाहीं.

ही परीक्षा पाहून मन प्रसन्न होतें. पण तिच्या निकालावर विसंबतां येईल काय? आमच्या मतें फारसें नाहीं. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळास १६३७ मध्यें राजाची सनद मिळाली; बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ च्या कायद्यानें निघालें. तेव्हांपासूनचा तेथला दंडक असा कीं, विक्रीपूर्वीं प्रत्येक नळींतून नेहमींपेक्षां जबर दारूचा बार उडवावयाचा, आणि ती टिकली तरच तिच्यावर शिक्का मारावयाचा. म्हणजे एकदांहि न उडालेली बंदूक त्या देशांत नवी म्हणून विकतांच येत नाहीं! शिवाय दुकानांत शंभर गिर्‍हाइकांनीं उघडमीट केल्यानें सांध्यावर ओरखडे येतात ते निराळेच. उलट कसबी कारागीर जुन्या नळीला नवी निळी झांक देतो, खांचकाम पुन्हां कोरतो, अंतरंग घांसून लखलखीत करतो. निर्दोष बंदुकीवर खुणा सांपडाव्यात आणि दोषी बंदुकीवर त्या सांपडूं नयेत, असें सहज घडूं शकतें.

मग 'नवी' या शब्दाचा अर्थ काय राहिला? आम्हांस वाटतें कीं तो एवढाच: हिला अद्याप कोणी धनी झालेला नाहीं. शिंप्याची सुई कापडांत शिरते म्हणून घडी मोडत नाहीं, आणि आमटी चाखून पाहिली म्हणून ती कोणी उष्टी म्हणत नाहीं. (नैवेद्याच्या स्वयंपाकांत मीठसुद्धां चाखत नाहींत, ही गोष्ट वेगळी, देवाला परीक्षागृहाचा शिक्का चालत नसावा.) नवेपणा हा वस्तूच्या अंगचा गुण नसून तिच्या भूतकाळाविषयीं केलेलें एक विधान आहे. म्हणूनच तो भिंगाखालीं सांपडत नाहीं.

येथें व्यवहारी मनुष्य म्हणेल कीं, नेम बरोबर लागतो ना? मग बिघडलें काय? घड्याळ किंवा खुर्ची यांच्या बाबतींत या म्हणण्याला आम्ही थोडा मान देऊं. बंदुकीच्या बाबतींत देववत नाहीं. ती कोणत्या हातांत होती आणि कोणाच्या रोखानें उचलली गेली, हा प्रश्न तिला चिकटून येतो. तिचा क्रमांक घेणाराच्या परवान्यावर लिहिला जातो आणि पुढील जबाबदारी त्याच्या नांवें मांडली जाते. नवी बंदूक घेणारा पोलादाबरोबर एक कोरें खातेंहि विकत घेतो. तें खातें आधींच कोणीतरी उघडलें असेल, तर त्याचें नुकसान झालें नाहीं असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

जुनेपणांत मात्र कमीपणा मुळींच नाहीं. नामांकित इंग्रज कारागिरांच्या दुनळ्या शंभर वर्षांनंतरहि जुन्या म्हणूनच, मोठी किंमत देऊन, लोक घेतात. लोककथेंतील शबरीचीं बोरें उष्टीं होतीं, आणि तीं उष्टीं आहेत हें खाणार्‍याला ठाऊक होतें. दोष वापरांत नसून मौनांत आहे.

या मौनाचा वाद फार जुना आहे. सिसेरोनें इ. स. पूर्व ४४ मध्यें आपल्या मुलासाठीं लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथांत तो मांडला आहे. दुष्काळांत सांपडलेल्या र्‍होड्स बेटावर एक व्यापारी धान्य घेऊन येतो. मागून आणखी गलबतें येत आहेत हें त्याला माहीत आहे. त्यानें तें सांगावें काय? डायोजेनीस म्हणतो, न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे. अँटिपेटर म्हणतो, सर्व सांगितलें पाहिजे. आणि सिसेरो त्याचीच बाजू घेतो. आपला १८७२ चा कराराचा कायदा पहिल्याकडे झुकतो. लिलांवांत अधू घोडा विकणारा गप्प बसला तर ती लबाडी नव्हे, असें त्यांतील एक उदाहरण सांगतें. पण त्याच उदाहरणमालेंत विकत घेणारा म्हणतो, 'तुम्ही नाहीं म्हटलें नाहीं तर घोडा धड आहे असें मी समजेन'. विकणारा गप्प राहतो. आणि कायदा म्हणतो कीं हें मौन बोलण्याबरोबरच आहे. 'नवी' हा शब्द पावतीवर लिहून पुढें गप्प बसणार्‍या दुकानदाराला आम्ही याच पंक्तींत बसवूं. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यांत तर असेंहि आहे कीं, घेणारानें माल आधीं तपासला असेल, तर त्या तपासणींत दिसावयास हवा होता अशा दोषाबद्दल त्याला मागाहून मालाच्या प्रतीची तक्रार करतां येत नाहीं. डोळसपणाची ही शिक्षा चमत्कारिक खरी. परंतु जुनें तें नवें म्हणून विकणें ही केवळ प्रतीची गोष्ट नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें तिला अनुचित व्यापारप्रथांत स्पष्ट नांव घेऊन घातलें आहे.

तेव्हां पोलादावर तें फिकट वर्तुळ ज्याला दिसलें, त्यानें मनांत कुढत बसूं नये, कीं चारचौघांत दुकानदाराची नालस्तीहि करूं नये. बंदूक रीतसर घेऊन दुकानीं जावें आणि सरळ विचारावें. 'कारखान्यांतच बार काढला होता' असें उत्तर आलें व शिक्का दाखविला गेला, तर तें वर्तुळ निर्दोष ठरलें. उत्तर देतांना समोरच्याची नजर कागदांकडे वळली, तर भिंगानें न कळलेलें कांहीं कळलें. आणि पांचदहा वर्षांनीं हाच गृहस्थ ती बंदूक विकावयास काढील. नळी त्यानें आदल्या रात्रीं लखलखीत पुसलेली असेल, आणि घेणारा उजेडाकडे ती धरून विचारील, 'किती काडतुसें उडविलींत?'