उजव्या स्प्रिंगचा गुन्हा काय?

गाडीच्या पुढच्या दोन स्प्रिंगांपैकी एक बसली, तर दुसरी का बदलायची? प्रश्न गॅरेजमधला वाटतो, पण आहे नीतिशास्त्रातला. फरक एवढाच, की इथं बिल येतं.

आमच्या अण्णांची प्रीमियर पद्मिनी आहे. जन्म कुर्ल्याच्या कारखान्यातला. हिच्या बहिणी मुंबईच्या टॅक्सीसेवेतून २०२३ साली वीस वर्षांच्या वयोमर्यादेनं निवृत्त झाल्या. ही मात्र एक्स्टेन्शनवर आहे. हल्ली ती डावीकडे कलून उभी राहते, शेजारणीची कुजबुज ऐकत असल्यासारखी.

मिस्त्री म्हणाला, "साहेब, डावी बसलीय. दोन्ही बदलू."

"उजवीनं काय केलंय?"

"काहीच नाही. तरी बदलायची."

आता मी पडलो कॉमर्सचा. एकाच्या नावे पडलेलं कर्ज दुसऱ्याच्या खात्यात टाकायचं, हे माझ्या हाताला जमेना. पण मिस्त्रीचं शास्त्र पक्कं होतं. बसलेली स्प्रिंग नरम होते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तिचा ताठरपणा जवळजवळ तेवढाच राहतो, उंची तेवढी जाते. (बँकेत अशी माणसं मी रोज पाहतो.) एकच नवी घातली तर ती उंच उभी राहणार आणि गाडी उजवीकडे कलणार. शिवाय बाकी मापं तीच ठेवून तार एक दशांश जाड घेतली, तर स्प्रिंग जवळजवळ दीडपट कडक होते. तेव्हा जोडी एकाच मापाची हवी. उजवी गुन्हेगार नाही. पण तिचं चांगलंवाईट डावीकडे पाहूनच ठरतं.

हे पटलं, आणि तिथंच मी दचकलो. कारण दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा साऱ्या नातेवाइकांनी हाच न्याय अण्णांना लावला होता. "आता एकटे कशाला राहता? घर विका, मुलाकडे चला." जोडीतलं एक गेलं, दुसरंही हलवा! अण्णा सोसायटीचे हिशेब लिहितात, पोस्टात चालत जातात, हे कुणी विचारातच घेतलं नाही.

स्प्रिंग आणि माणूस यांत फरक काय, याचं मला सापडलेलं उत्तर साधं आहे. स्प्रिंगला विचारता येत नाही, म्हणून तिथं मिस्त्रीचं ऐकावं. माणसाला विचारता येतं. अण्णांना आम्ही विचारलं, तेव्हा ते "नाही" म्हणाले, मिस्त्रीपेक्षाही ठाम आवाजात.