शरकार आणि त्याचा बाण

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. त्यांत एक शरकार आहे, म्हणजे बाण करणारा कारागीर. तो बाण सरळ करण्यात असा गढून गेला होता की शेजारून राजाची स्वारी गेली तरी त्याला पत्ता लागला नाही. चित्ताच्या एकाग्रतेसाठी हा दृष्टांत मी कीर्तनात कितीदा लावला असेल, त्याची गणती नाही. पण त्यात एक अडचण दडलेली आहे. तो माणूस बाण करत होता, आणि बाण कोणाच्या तरी छातीसाठीच असतो.

अमेरिकेतील पिस्तुलांच्या कारखान्यांची हकीकत समजून घेताना ही अडचण माझ्यापुढे पुन्हा उभी राहिली. कुठे पंढरी आणि कुठे पिस्तूल, असे म्हणून पान उलटू नका. आमच्या एका जुन्या टाळकऱ्याचा मुलगा तिकडे कनेक्टिकट राज्यात यंत्रशाळेत नोकरी करतो. पहिला धागा त्याच्याकडून मिळाला, पुढचे वाचून जमवले.

त्या राज्यात हार्टफर्ड नावाचे गाव आहे. तिथे सॅम्युअल कोल्ट याने १८५५ साली नदीकाठी मोठा कारखाना उभा केला. त्यावर निळा घुमट आहे. सहा गोळ्यांचे फिरते चाक असलेले रिव्हॉल्वर तिथे यंत्रांवर होऊ लागले. यंत्रे येण्याआधी एकेक बंदूक एकेक कारागीर आपल्या दुकानात बसून घडवी. तेव्हा आज ज्या कारखान्याच्या जुन्या कलेसाठी लोक हळहळतात, त्यानेच आपल्या काळात आणखी जुनी कला मोडली होती. हळहळणाऱ्यांना हे सहसा आठवत नाही.

तरीही यंत्र सगळे करू शकत नव्हते. शेवटची जुळणी हातानेच होई. याच कोल्ट कंपनीने १९५५ साली ‘पायथन’ नावाचे रिव्हॉल्वर काढले. त्याचे आतले भाग मुद्दाम केसभर मोठे ठेवत. मग फिटर कानशीने आणि बारीक दगडाने घासून ते एकमेकांत बसवी. थोडे घासायचे, लावून पाहायचे, चाप ओढून कान द्यायचा, पुन्हा काढून घासायचे. जास्त घासले गेले तर तो तुकडा वाया. पोलाद कातड्याच्या चाकांवर इतके उजळत की वर चढवलेली निळी झाक खोल पाण्यासारखी दिसे. ही विद्या पुस्तकातून येत नाही. म्हाताऱ्या फिटरच्या शेजारी तरुणाने वर्षानुवर्षे बसावे लागते. पखवाजाचा हात असाच बसतो, बोल पाठ करून बसत नाही.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्डच्या स्मिथ अँड वेसन कंपनीने १९३५ साली एक रिव्हॉल्वर काढले. ते गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे घडवत आणि सोबत नोंदणीचा दाखला देत. म्हणजे ही वस्तू कोणासाठी केली, हे करणाऱ्याला ठाऊक असे. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

पुढे हे सगळे का ओसरले? मजुरी वाढली आणि स्वस्त माल खपू लागला. ऑस्ट्रियातून ग्लॉक नावाची प्लास्टिकच्या अंगाची पिस्तुले आली, आणि अमेरिकेतल्या पोलिसांनी रिव्हॉल्वर सोडून तशी पिस्तुले कमरेला लावली. स्मिथ अँड वेसनने १९८२ मध्ये नळीला आडवी खीळ मारून ती पक्की करण्याची जुनी रीत बंद केली. पुढे चाप आणि घोडा हे भाग धातूची पूड साच्यात दाबून, भट्टीत भाजून होऊ लागले. कोल्टमध्ये १९८६ साली कामगारांचा संप झाला, तो चार वर्षे चालला. त्यातच १९८८ मध्ये सैन्याच्या रायफलींचे मोठे कंत्राट दुसरीकडे गेले. २०१५ साली कंपनीचे दिवाळे निघाले आणि २०२१ मध्ये ती एका चेक कंपनीने विकत घेतली. पायथनचे नेहमीचे उत्पादन थांबले होते, ते २०२० मध्ये पुन्हा सुरू झाले. पण आता भाग कमी आणि काम संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या यंत्रांवर. खरे सांगायचे तर नवा नग नेम धरायला वाईट नाही. एक नग दुसऱ्यासारखाच निघतो. जुन्यात फिटरचा दिवस चांगला की वाईट, हेही उतरत असे.

आता विचार असा. कला गेली म्हणून वाईट वाटावे, की मारण्याची कला होती ती गेली म्हणून बरे वाटावे?

बरे वाटण्याला तर जागाच नाही. कानस खाली ठेवली गेली ती कोणाला पापाची भीती वाटली म्हणून नव्हे, परवडेना म्हणून. आणि शस्त्रे कमी झाली नाहीत. अमेरिकेत १९८६ साली सर्व प्रकारच्या मिळून सुमारे ३० लाख बंदुका झाल्या, २०१६ साली १ कोटी १० लाखांहून अधिक. शरकार गेला, बाण वाढले.

मग रडावे का? इथे काही जण व्याधाची गोष्ट पुढे करतात. मिथिलेतला मांस विकणारा व्याध ब्राह्मणाला धर्म शिकवतो, तेव्हा धंदा कोणताही असो, मन लावून केला की झाले, असे ते म्हणतात. पण वनपर्व नीट वाचा. आपले काम घोर आहे, असे तो व्याध स्वतःच सांगतो. तो धंद्याला चंदन लावत नाही. आणि आपल्या संतांची कामे पाहा. गोरोबांच्या मडक्यात पाणी राहिले, सावतोबांच्या मळ्यातली भाजी कोणाच्या तरी ताटात गेली. तिथे मन आणि वस्तू यांत भांडण नव्हते.

फिटरच्या बाबतीत भांडण आहे, आणि ते फार खोल आहे. त्याच्या कौशल्याची कसोटी कोणती? चाप ओढताना बोटाला कुठे अडखळू नये. वर्षानुवर्षांची साधना कशासाठी, तर तो अडसर घासून काढण्यासाठी. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतली निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या, म्हणजे स्वतःचेच बोट, स्वतःचाच चाप. अशा घटकेला माणसाला क्षणभर अडखळायला लावील असे काही हवे असते. नवा नग याबाबतीत जुन्याहून दयाळू आहे असे मुळीच नाही. पण काम जितके उत्तम, तितके ते बोट मोकळे, हे जुन्या कामाचे कौतुक करणाऱ्याने मनात धरले पाहिजे.

म्हणून माझे मत असे. हातातली ती विद्या गेली, कान देऊन पोलाद ऐकणारा माणूस गेला, याचे दुःख खरे आहे आणि ते मानावे. पिस्तुलाचे दुःख मानू नये. अवधूताने शरकाराची एकाग्रता घेतली, बाण विकत घेतला नाही. पुढे त्या बाणाने कोणाला मारले, हे पुराणाने सांगितलेले नाही, आणि मला वाटते ते अवधूतानेही विचारले नाही. आपण मात्र विचारावे.

कारण आणखी एक गोष्ट हातातून निसटली आहे. पूर्वी निदान ‘हे मी घडवले’ म्हणणारा कोणी होता, आणि त्या दाखल्यावर घेणाऱ्याचे नाव होते. आता पूड दाबणारा म्हणतो, मी फक्त पूड दाबली. आराखडा काढणारा म्हणतो, मी रेघा ओढल्या. कर्म तर घडतेच, पण कर्ता शोधायला गेलो तर कोणी सापडत नाही. शास्त्रात कर्त्यावाचून कर्म नाही. त्या कारखान्यांत मात्र तसे दिसते.

त्या टाळकऱ्याच्या मुलाने खंडेनवमीला फोन केला होता. तिकडे काही घरांत पिस्तूल असते. ते पूजेत मांडावे का, असे त्याला एका मराठी शेजाऱ्याने विचारले होते. मी म्हटले, त्या शेजाऱ्याला सांग, पिस्तूल कुलपात राहू दे. आणि तुझ्या यंत्रशाळेत एखादी जुनी झिजलेली कानस पडली असेल, तर ती घरी आण, पुसून पाटावर ठेव आणि तिला हळदकुंकू वाहा.