नाच सगळ्यांचा, क्लास कोणाचा?

कोरमंगलात संध्याकाळ झाली की सोसायट्यांच्या क्लबहाऊसमधून भरतनाट्यमचे बोल ऐकू येऊ लागतात. नोकरीसाठी बेंगळुरूला आलेल्या मराठी घरांतल्या मुलीही तिथे असतात. चपला दाराबाहेर, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, आधी भूमीला नमस्कार, मग गुरूंना, आणि मग अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धे बसून, अडवू, म्हणजे मूळ पदन्यास. मुलीला इथे का घातले, असे विचारले तर पालक नाचाच्याही आधी वळणाबद्दल बोलतात: मोठ्यांसमोर कसे बसावे, शब्द कसा ऐकावा, चारचौघांत कसे उभे राहावे. हे सारे जुनाट झाले आहे का आणि ते ठरावीक घरांपुरतेच आहे का, हे दोन प्रश्न नेहमी जोडीने विचारले जातात. माझी त्यांना दोन वेगळी उत्तरे आहेत.

जुनाटपणाचा आक्षेप मला मान्य नाही. ज्या जमिनीवर पाय आपटायचे तिची आधी क्षमा मागायची, ही शिकवण सहा वर्षांच्या मुलीला पुरती कळते आणि ती शिळी होत नाही. लयीत चुकलो तर शेजारणीचाही ताल चुकतो, हे भान शाळेच्या बाकावर बसून येत नाही. एका बाबतीत मात्र हे वळण बदलायलाच हवे. गुरूंपुढे प्रश्न विचारायचा नाही, हा नियम मुलांना असुरक्षित करतो. 2023 मध्ये चेन्नईच्या कलाक्षेत्र या नृत्यसंस्थेत विद्यार्थ्यांना लैंगिक छळाविरुद्ध धरणे धरावे लागले. जिथे वाकून नमस्कार शिकवतात, तिथे 'नको' म्हणायलाही शिकवले पाहिजे. एवढे सांभाळले तर ही शिस्त आजच्या मुलांना हवीच आहे.

वगळण्याचा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्याचे मूळ इतिहासात आहे. ज्याला आपण मुलींना वळण लावणारे नृत्य म्हणतो, ते पिढ्यानपिढ्या सांभाळले देवदासींनी आणि त्यांना शिकवणाऱ्या नट्टुवनारांच्या, म्हणजे नृत्यगुरूंच्या, घराण्यांनी. आज क्लासमध्ये अलारिप्पूपासून तिल्लाणापर्यंत जो क्रम शिकवतात, त्याची घडी बसवली चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी. त्यांना आश्रय होता तंजावरच्या मराठा दरबाराचा. दुसरे सरफोजी राजे (राज्यकाल 1798 ते 1832) यांच्या नावावरच्या मराठी नृत्यरचना तिथल्या हस्तलिखितांत होत्या. आचार्य पार्वतीकुमारांनी त्यांचा अभ्यास केला आणि सुचेता भिडे-चापेकरांनी त्या रंगमंचावर नाचून दाखवल्या. मराठी मुलीला हे नृत्य परके नाही, ते असे. पण ते तिच्यापर्यंत पोचले त्या वाटेवर काही माणसे मागे टाकली गेली.

म्हैसूर संस्थानाने 1909 मध्ये देवळांतली देवदासी प्रथा बंद केली. मद्रास प्रांतात 1947 मध्ये कायदा झाला. शोषण थांबवणे आवश्यकच होते. पण त्याच काळात देवदासींच्या सदिर नृत्याचे भरतनाट्यम झाले, 1936 मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी कलाक्षेत्राची स्थापना केली, आणि नृत्य उच्चवर्णीय घरांतल्या मुलींसाठी सोज्वळ ठरले. ज्या बायकांनी ते जपले होते, त्यांच्या लेकींना त्यातला मान मिळाला नाही. परंपरागत घराण्यातून आलेल्या बालासरस्वती शृंगाराला अशोभनीय मानणाऱ्यांशी भांडत राहिल्या. आजच्या क्लासमधली शालीनता प्राचीन नाही, ती गेल्या शतकात निवडून घेतलेली आहे. हे मुलींना सांगायला हवे. कोणी सांगत नाही.

बेंगळुरूपुरते बोलायचे तर एक नाव प्रत्येक क्लासच्या भिंतीवर असावे असे मला वाटते. के. वेंकटलक्षम्मा, जन्म 1906, कडूरजवळच्या एका तांड्यावर, लंबाणी (बंजारा) कुटुंबात. त्यांना शिकवले जट्टी तायम्मांनी, ज्या स्वतः पैलवानांच्या घराण्यातल्या. ही लंबाणी मुलगी म्हैसूर दरबारची नर्तकी झाली, पुढे म्हैसूर विद्यापीठात शिकवू लागली, आणि 1992 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. आज उत्तर कर्नाटकातल्या तांड्यांवरून आलेली लंबाणी कुटुंबे बेंगळुरूच्या इमारती बांधतात. त्यांच्या मुली वाळूच्या ढिगाऱ्यावर खेळतात. ज्या क्लबहाऊसच्या भिंती त्यांच्या आयांनी उभ्या केल्या, तिथला क्लास त्यांच्यासाठी नाही. कोरमंगलाला लागूनच ईजिपुरा आहे. तिथल्या आर्थिक दुर्बल घटकांच्या वसाहतीतून जानेवारी 2013 मध्ये हजाराहून अधिक कुटुंबांना घरे पाडून बाहेर काढले गेले. त्या मुलांना वळण नव्हते, असे कोण म्हणेल? त्यांच्यापाशी छप्पर नव्हते.

महिन्याची फी हा यातला लहान भाग. दरवाजा खरा बंद होतो तो रंगप्रवेशाला, म्हणजे शिष्येच्या पहिल्या पूर्ण एकल कार्यक्रमाला. सभागृह, गायक, मृदंग, बासरी, रेशमी पोशाख, दागिने, रंगभूषा, छापील पत्रिका, पाहुण्यांचे जेवण असा खर्च लाखांच्या घरात जातो. लग्नासारखाच मांडव घातला जातो आणि कुटुंबाची ऐपत मोजली जाते. हुशार मुलगी अनेकदा इथेच थांबते. कर्नाटकात नृत्याच्या ज्युनिअर, सीनिअर, विद्वत् अशा सरकारी परीक्षा आहेत. तयारी तपासायला त्या पुरेशा आहेत. आपल्याकडे महाराष्ट्रात दहावीला शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. लोककलांनाही मिळतात, ही चांगली गोष्ट. पण ज्या गावात शिक्षकच नाही, तिथल्या मुलीने ते गुण आणायचे कुठून? सरकार गुण देत असेल तर शिक्षक देणेही त्याचेच काम आहे.

म्हणून क्लास बंद करा असे मी म्हणणार नाही. क्लासचे दार मोठे करा. सोसायटीचे क्लबहाऊस रहिवाशांच्या मालकीचे असते, तिथे कोण शिकेल हे तेच ठरवतात. कोरमंगलातल्या मराठी पालकांना माझी विनंती आहे: तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीला त्याच वर्गात, त्याच रांगेत उभी करा, आणि तिची फी सोसायटीच्या निधीतून भरा. मुलीचा रंगप्रवेश साधेपणाने करा, आणि वाचलेल्या पैशातून जवळच्या सरकारी शाळेत आठवड्यातून दोन दिवस नृत्यशिक्षक पाठवा.