न फिरणारं चाक

जे चाक फिरत नाही त्याला चाक म्हणावं का, आणि चाकासारखं दिसतं एवढ्यावर ते विकावं का, हा प्रश्न मला एका मोबाइलच्या पेटीनं घातला. पेटी लाकडी, हातानं केलेली, वर पितळी दातेरी चाकं बसवलेली. आमच्या गावच्या सुताराचा नातू पुण्यात फर्निचरच्या कामावर असतो, त्यानं केलेली. त्याच्या आज्यानं आमच्या घरचे नांगर, कुळव, तिफणी भरल्या आणि खळ्यावर बलुतं नेलं. नातवाला तसलं काम मिळायचं नाही, कारण ते आता राहिलेलंच नाही. म्हणून रात्री खोलीवर बसून तो या पेट्या करतो.

विलायतेत या तऱ्हेला स्टीमपंक म्हणतात. स्टीम म्हणजे वाफ. वाफेच्या इंजिनांचा जमाना संपलाच नसता तर आजच्या वस्तू कशा दिसल्या असत्या, असा तो कल्पनेचा खेळ. के. डब्ल्यू. जीटर नावाच्या अमेरिकन लेखकानं १९८७ साली ‘लोकस’ मासिकाला पत्र लिहिलं, त्यात थट्टेथट्टेत हा शब्द काढला. तेव्हा तो कादंबऱ्यांपुरता होता. पुढं हौशी कारागिरांनी उचलला आणि २००९ साली ऑक्सफर्डच्या विज्ञान-इतिहासाच्या संग्रहालयात त्याचं प्रदर्शन भरलं. लॅपटॉपला अक्रोडाची पेटी, टॅब्लेटला पुस्तकासारखं उघडणारं लाकडी कव्हर, तांब्याच्या नळ्या, पितळी कोपरे, जुन्या घड्याळांतली चाकं. नवं पितळ फार चकाकतं म्हणून मीठ-व्हिनेगर लावून ते मुद्दाम काळवंडवतात. आमच्या बाया चिंच लावून तांब्या घासतात, हात दुखेस्तोवर. तिकडं तो डाग पाडायला कष्ट घेतात.

काम सोपं नाही, हे मला पेटी हातात घेतल्यावर कळलं. लाकूड पटाशीनं कोरत कोरत इतकं पातळ करायचं की खिशात मावेल, आणि इतकंही नाही की उभं चिरेल. कॅमेऱ्याचं भोक, चार्जरचं भोक, बटनाची जागा. मागं पितळेचा मोठा पत्रा लावला तर रेंज अडते. लाकडाला ती अडचण नाही. पण लाकूड ओलं असलं तर महिनाभरात वाकतं, पावसाळ्यात फुगतं. म्हणून जुनं, मुरलेलं लाकूड पाहिजे. पोरगा आला होता तो त्यासाठीच. आमच्या गोठ्यामागं मोडकी बैलगाडी पडून आहे. तिच्या साट्याचं सागवान त्याला पाहिजे होतं. आणि जाता जाता भिंतीवरच्या बंद घड्याळाकडं बघून म्हणाला, “आप्पा, हेबी द्या की. चाकं निघतील.”

मी पेटीवरच्या चाकाला बोट लावलं. “फिरतं का रे हे?”

“नाही आप्पा. चिकटवलंय. दिसायला असतं ते.”

दातेरी चाक मी पहिल्यांदा पाहिलं ते गुऱ्हाळावर. लोखंडी चरक, वर उघडे दाते, बैल गोल फिरायचे आणि खाली बसून माणूस ऊस घालायचा. आमच्या शिवारात एकाची दोन बोटं त्या चरकात गेली. त्या माणसाला कुणी असलं चाक शोभेला दिलं असतं तर त्यानं काय केलं असतं, सांगता येत नाही. वाफेचंही तसंच. मिरजेहून पंढरपूरला जाणारी बार्शी लाइट आम्ही पाहिली, अडीच फुटी रुळांवरची. वारीत माणसं टपावर बसायची. लांबून तिचा धूर छान दिसायचा, पण आत बसलं की डोळ्यांत कोळशाची कच जायची, आणि फायरमनचं तोंड तर ओळखू यायचं नाही. ज्या इंग्लंडच्या त्या काळाची ही मंडळी नक्कल करतात, तिथं दहा वर्षांखालच्या पोरांना आणि बायांना कोळशाच्या खाणीत उतरवू नये म्हणून १८४२ साली कायदा करावा लागला. म्हणजे तोवर उतरवत होते. पितळेवर खोटा डाग पाडता येतो. हा डाग मात्र कुणी त्या पेटीवर काढत नाही.

गंमत अशी, की या पंथाची लाडकी वस्तू म्हणजे ज्यूल व्हर्नची नॉटिलस पाणबुडी, आणि तिचा मालक कॅप्टन निमो हा आपल्याकडचा. व्हर्ननं पुढच्या एका कादंबरीत सांगून टाकलंय की तो बुंदेलखंडाचा राजपुत्र, सत्तावनच्या उठावात लढलेला. वाफेच्या साम्राज्याची दुसरी बाजू त्या फ्रेंच माणसाला तेव्हाच दिसत होती.

मग ही चाकं खोटी म्हणायची? इथं माझं मन अडतं. बेंदराला आम्ही बैलाची शिंगं रंगवतो, झूल घालतो. त्यानं नांगर जास्त ओढला जात नाही. पण शिंगाचा रंग ‘मी काम करतो’ असं म्हणत नाही. दातेरी चाक म्हणतं. एवढा फरक धरून मी बरेच दिवस खूश होतो. मग बेंदूरच आडवा आला. त्या दिवशी घरोघर मातीचे बैल पुजतात. ते कुठं औत ओढतात? ज्याच्या दावणीला जनावर नाही, तोसुद्धा आणतो. ज्यानं राबून घातलं, त्याची आठवण म्हणून. तसं पोराचं चाक मातीचा बैल असेल, तर मला बोलायला जागा नाही. मोबाइलमध्ये बघायला आहे काय? काच. आमचं डिझेल इंजिन बिघडलं की मी खोलायचो. नोझल, रिंगा, व्हॉल्व्ह, सगळं पोत्यावर मांडून ठेवायचो. कुठं दुखतंय ते दिसायचं. मोबाइलची बॅटरीसुद्धा आत चिकटवलेली. ज्याच्या हाताला रंध्याची सवय आहे, त्या पोराला अशा बंद वस्तूवर एक चाक लावावंसं वाटलं, तर मला ती भूक समजते.

पण मातीच्या बैलासाठी कुणी दावणीचा बैल कापत नाही. माझा निकाल शेवटी यावर लागला. परदेशात जुन्या घड्याळांची दुरुस्ती करणारे या हौशी लोकांवर याच कारणानं चिडतात: चालू शकतील अशी खिशातली घड्याळं फोडून त्यांची चाकं दागिन्यांवर आणि पेट्यांवर चिकटवली जातात. गाडीचं लाकूड मी पोराला दिलं. तिचा तुंबा फुटलाय, आरे निखळलेत, ती परत चालणार नाही. घड्याळ दिलं नाही. माझ्या वडिलांनी उसाच्या बिलातनं घेतलेलं ते. बंद आहे, मेलेलं नाही.

“मग चाकं कुठनं आणू?” पोरगं जरा रुसलं.

“भंगारात बघ. आणि बसवशील ते कशाला तरी लाव. एक तरी फिरू दे.”

“फिरवायचं म्हणलं की पेटी जाड होती आप्पा. गिऱ्हाईक घेत नाही.”

ते त्याचं खरं आहे. पोट त्याला भरायचंय, मला नाही. तरी दिवाळीत एक करून आणली. चाक फिरवलं की आतली पितळी खिटी सरकते आणि पेटी उघडते. विकली नाही, जाडच झाली होती. त्याच्याच मोबाइलच्या मापाची होती, आणि सहा महिन्यांत त्यानं मोबाइल बदलला. नवा लांबीला वाढलेला, आत बसेना. सागवान अजून शंभर वर्षं हलायचं नाही, आणि ज्याच्यासाठी ते कोरलं ते वर्षभरसुद्धा टिकलं नाही. पोरगं पेटी माझ्याकडंच ठेवून गेलं. मी तिच्यात तंबाखू अन् चुन्याची डबी ठेवतो. पावसाळ्यात लाकूड फुगून खिटी अडकते, तेव्हा घरच्या बाईंच्या डोक्यातला आकडा मागून घ्यावा लागतो.